बस चुकू नये म्हणून चुकलेला भूगोल

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय बापूजी, मंचावर बसलेले आमचे प्राचार्य खुशाल लेनगुरे सर, पंचायत समितीतून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, कार्यालयातली सगळी मंडळी, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या, या सभागृहात बहुधा आज पहिल्यांदाच पाय ठेवणाऱ्या अकरावीच्या नव्या मुला-मुलींनो, आणि शेतावरची कामं टाकून त्यांच्यासोबत आलेल्या आईबाबांनो, सगळ्यांना भूगोलाच्या सुगंधा निकुरेचा नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. मी किती शांत आहे, किती सोसणारी आहे, माझ्या तोंडून कधी मोठा शब्द निघाला नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. ऐकताना मला वाटलं, ही कोण बाई आहे बुवा? मला तिला एकदा भेटायला पाहिजे. कारण खरं सांगते, गेली कित्येक वर्षं मी या इमारतीत चिडलेलीच आहे. फक्त स्टाफरूममध्ये चिडले, तिथून आवाज बाहेर येत नाही. आज माईक हातात आला आहे. बापूजी, दहा मिनिटं द्या. शालीचं वजन झालं की माणूस आपोआप गप्प बसतो म्हणतात, म्हणून शाल मी खुर्चीवर ठेवून आले आहे.

मला आज माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल बोलायचं आहे. विद्यार्थिनी म्हणते खरी, पण या शाळेत तिची दोन वर्षं गेली, त्यात मी तिला एक दिवसही शिकवलं नाही. का नाही शिकवलं, तीच तर गोष्ट आहे.

दिव्यानी भोयर. वैनगंगेच्या कालव्यापलीकडच्या गावातली. वडील लटारूभाऊ धान पिकवतात. मी सकाळी स्कूटीवरून शाळेत यायची, तेव्हा कालव्याच्या रस्त्यानं ही पोरगी पळत जाताना दिसायची. पायात साधे कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला गुंडाळलेली. मला वाटायचं, पोलीस भरतीची तयारी असेल. आपल्याकडे सकाळी पळणारं लेकरू दिसलं की आपण पोलीस भरतीच समजतो. ती वनरक्षकाची तयारी करत होती. जंगलाला लागून शेत, लहानपणापासून सगळ्या पायवाटा पाठ. तिला खाकी कपड्यात त्याच जंगलात फिरायचं होतं. यापेक्षा सरळ स्वप्न कोणतं असतं सांगा?

आता प्रवेशाच्या दिवशी काय होतं, ते नव्या पालकांनी नीट ऐकावं. कला शाखेत आपल्याकडे दोन गट आहेत. अ गटात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. ब गटात भूगोल आणि अर्थशास्त्र. तेव्हा भूगोल-अर्थशास्त्राचे तास दिवसाच्या शेवटी होते, आणि कालव्यापलीकडच्या मुलींची बस त्याआधी सुटायची. मग प्रवेशाच्या खिडकीवर आमचे कारकून दसरूभाऊ बसलेले असायचे. दसरूभाऊ, मागे सरकू नका, तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही. बसच्या गावची मुलगी आली की दसरूभाऊ तिला अ गट द्यायचे. का? पोरीची बस चुकू नये म्हणून. किती चांगला विचार! त्यात कोणाची लबाडी नव्हती, कोणाचा आळस नव्हता. आमच्या शाळेत मुलींचं जे जे नुकसान झालं, ते असंच सोयीसाठी झालं.

आणि वनरक्षकाला काय लागतं? बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र, यातला एक तरी विषय. एकच! काही प्रवर्गांना दहावीवर सवलत आहे, दिव्यानीला ती नव्हती. हे मी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं नव्हतं का? खुशाल सर इथंच मंचावर बसले आहेत. सर, मी दर जूनमध्ये तुमच्याकडे येऊन एकच गोष्ट मागितली. प्रवेशाच्या आधी एक दिवस द्या. नवी लेकरं आणि त्यांचे आईबाबा यांना वर्गात बसवते, कोणत्या विषयानं कुठलं दार उघडतं आणि कुठलं बंद होतं, एवढं सांगते. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष नाही, हे सांगते. हुशार असेल तर विज्ञान, नसेल तर कला, मुलगी असेल तर जे उरलं ते, हा हिशोब डोक्यातून काढते. सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मॅडम, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे दिवस आहेत, कोण येणार? पुढच्या वर्षी बघू."

आज आले ना सगळे? माझ्या निरोपाला आले. पऱ्हे टाकायचे दिवस आजही आहेत.

असो. दिव्यानी अ गटातून चांगल्या गुणांनी बारावी झाली. नंतर वनरक्षकाची भरती निघाली. लेखी परीक्षा तिनं काढली. गावात पेढे वाटले. मग गडचिरोलीला कागदपत्रांची तपासणी. तिथल्या साहेबांनी गुणपत्रिका हातात घेतली, विषय वाचले, आणि सांगितलं, पोरी, तुझ्याजवळ लागणारा विषयच नाही. ती दोन वर्षं ज्या धावण्याच्या चाचणीसाठी कालव्यावर पळत होती, त्या चाचणीच्या मैदानात तिला उतरूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लटारूभाऊ तिला घेऊन शाळेत आले. कोणाला भेटायचं त्यांना माहीत नव्हतं. भूगोल भूगोल करत विचारत आले, म्हणून शिपायानं माझ्याकडे पाठवलं. स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, आत यायलाही तयार नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "पोरगी दोन वर्सं याच शाळेत होती ना? मंग तिले भूगोल काऊन नाई देला तुमी?"

मी त्यांना घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. दसरूभाऊंना बोलावलं. दसरूभाऊंचा चेहरा उतरला. म्हणाले, "मी तं पोरीची बस चुकू नये म्हून केलं लटारूभाऊ. माह्या पोरीले बी तोच गट देला होता." आणि ते खरं होतं. त्यांची स्वतःची मुलगी त्याच गटात शिकली होती.

खुशाल सर, तुम्ही तेव्हा जे बोललात ते मी आज तुमच्या तोंडावर सांगते, कारण मागे बोलणं मला जमत नाही. तुम्ही म्हणालात, "भरतीचे नियम पाहणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे." पंधरा-सोळा वर्षांची, घरातली पहिली दहावी पास झालेली मुलगी. तिनं नियम पाहायचे. आणि आपण, पगारी, पदवीधर, बी.एड. झालेले, आपण काय पाहायचं? बसचं वेळापत्रक?

दिव्यानी तोवर खाली मान घालून उभी होती. तिनं मान वर केली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, मले कोणी इचारलंच नाई. इचारलं असतं तं मी पायी गेली असती. मी तं रोज त्याच रस्त्यानं पळत होती."

माझ्या मनात आलं, आपण सगळ्यांनी मिळून या पोरीची काळजी घेतली, फक्त तिला काय पाहिजे ते विचारायचं राहून गेलं.

मग काय केलं? बारावी झालेल्यालाही एखादा राहिलेला विषय बाहेरून देता येतो, त्याला तुरळक विषय म्हणतात. मी दिव्यानीला म्हटलं, भूगोलाची परीक्षा देतेस का? ती म्हणाली, "देतो ना मॅडम. पण समजंल का मले?" आमच्याकडे मुलीही 'देतो' म्हणतात, पाहुण्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

त्या वर्षी ती दर रविवारी माझ्या घरी यायची. मार्कंड्याची जत्रा भरली, आमची सगळी गल्ली ट्रॅक्टर भरभरून दर्शनाला गेली, आणि ही माझ्या ओसरीवर पेन्सिल घेऊन समोच्च रेषा काढत बसलेली. मी तिला नकाशावर टेकडी कशी ओळखायची ते शिकवत होते. रेषा जवळ जवळ आल्या की चढ तीव्र. ती हसली. म्हणाली, "मॅडम, हे तं पायाले समजते. आता डोळ्याले समजलं." अशी विद्यार्थिनी मला दोन वर्षं रोज वर्गात मिळाली असती हो! तिचं नुकसान झालं ते झालंच. पण माझंही झालं, हे कोणी कधी हिशोबात धरलंच नाही.

आणि दसरूभाऊंनी त्या वर्षी तिचे बोर्डाचे सगळे सोपस्कार स्वतः केले. नागपूरला फोन लावले, प्रात्यक्षिकाच्या दिवशी स्वतःच्या गाडीवर तिला घेऊन आले. माझी काही माणसांवर चीड आहे, पण माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही.

दिव्यानी भूगोलात पास झाली. चांगली पास झाली.

नाही, थांबा. टाळ्या वाजवू नका. कृपा करून नको. नोकरी लागली नाही तिला. ज्या भरतीत ती लेखी पास झाली होती, ती भरती संपली. जागा भरल्या. पुढची भरती अजून निघाली नाही. ती आजही सकाळी पळते, आणि दर वर्षी वय वाढतं. बघायला येणारे पाहुणे विचारतात, पोरगी कशाची वाट पाहून राह्यली? लटारूभाऊ त्यांना चहा पाजून परत पाठवतात. किती दिवस पाठवतील? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का? मग टाळ्या कशाच्या?

आता सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट सांगते. त्या प्रकारानंतर खुशाल सरांनी वेळापत्रक बदललं. भूगोल दुसऱ्या तासाला आणला. त्याबद्दल मी सरांचे मनापासून आभार मानते, आणि हे आभार खरे आहेत. मी खूष होते. जूनमध्ये पहिल्या दिवशी वर्गात गेले. बसच्या गावची एकही मुलगी नाही! एकही. मी अ गटाच्या वर्गात गेले, मुलींना विचारलं, अगं, आता तर बस चुकत नाही, भूगोल का नाही घेतला? एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्या गावच्या पोरी अ गटच घेतात. माह्या ताईनं बी तोच घेतला होता."

समजलं का तुम्हाला? बसचं कारण गेलं, आणि रीत उरली. वेळापत्रक एका सहीनं बदलतं. ही रीत सहीनं बदलत नाही. त्यासाठी आईबापासमोर बसून बोलावं लागतं, आणि बोलायला एक दिवस लागतो, तोच एक दिवस मला शेवटपर्यंत मिळाला नाही. आता प्रवेश ऑनलाइन झाला म्हणे. फार छान. म्हणजे खिडकीवरच्या दसरूभाऊंच्या जागी चौकातला फॉर्म भरून देणारा सेंटरवाला आला. दसरूभाऊ निदान पोरीच्या बसचा विचार तरी करत होते. सेंटरवाला विचारतो, "मागच्याले जे टाकलं, तेच टाकू का?" आणि आपण म्हणतो, टाक बाबू, लवकर टाक.

बापूजी, तुम्ही भाषणात म्हणालात की सुगंधाबाईंच्या नावानं भूगोल विभागात एक फलक लावू. तुमच्या मोठ्या मनाला नमस्कार. पण फलक नको. माझं नाव भिंतीवर असण्यानं कोणत्या मुलीचा विषय बदलणार आहे? संस्थेची इच्छा असेल तर दर वर्षी जूनमध्ये तो एक दिवस द्या, आणि त्याला कोणाचंच नाव देऊ नका.

अर्थात तुमचा निर्णय व्हायला बैठक लागेल, ठराव लागेल. ही लेकरं तर आजच समोर बसली आहेत. म्हणून मी एक ठरवलं आहे, आणि ते कोणाला विचारलेलं नाही. नोकरीत होते तोवर परवानगी लागत होती. आज संध्याकाळपासून मी या शाळेची कर्मचारी नाही, त्यामुळे मला कोणी नाही म्हणू शकत नाही. नव्या पालकांनो, चहा-पोहे झाले की घाई करू नका. विषय भरले असतील त्यांनीही थांबा, अजून बदलता येतात. मी भूगोलाच्या वर्गात बसणार आहे. मागच्या रांगेत लटारूभाऊंच्या शेजारी निळ्या ओढणीत बसली आहे ती दिव्यानी. ती माझ्यासोबत बसेल. तुमच्या मुलीला मोठं होऊन काय व्हायचं आहे, ते आधी तिलाच विचारायचं, तुम्हाला नाही. राग मानू नका. मग कोणता विषय लागतो ते आम्ही सांगू. शेवटचं लेकरू उठेपर्यंत मी उठणार नाही. बस चुकली तर खुशाल सरांची मोठी गाडी बाहेर उभी आहे, आणि सर मनानं चांगले आहेत, ते कोणाला पायी जाऊ देणार नाहीत. हो ना सर? सर मान हलवत आहेत, सगळ्यांनी पाहून ठेवा.

तुम्ही सगळ्यांनी माझा जो सन्मान केला, सहकाऱ्यांनी इतकी वर्षं माझी चिडचिड सोसली, डब्यातली भाजी वाटून खाल्ली, आजारपणात माझे तास घेतले, त्या सगळ्याचं ऋण माझ्यावर आहे. बापूजींच्या संस्थेनं माझ्यासारख्या एका मुलीला ब्रह्मपुरीहून इथं आणून भाकर दिली, मान दिला, तेही मी विसरणार नाही. निरोपाच्या दिवशी गोड बोलायचं असतं, ते मला जमलं नाही. कोणाचं मन दुखावलं असेल, वयानं मोठ्यांचा मान राखण्यात काही कमी पडलं असेल, तर लेकीचं बोलणं समजून पोटात घाला. माझी चूक पोटात घाला, त्या पोरीच्या वेळी झालेली मात्र घालू नका.

अध्यक्षांच्या परवानगीनं थांबते. धन्यवाद.

दसरूभाऊ, भूगोलाच्या वर्गाची चावी द्या बरं.