भाऊंचा कार्यअहवाल मी लिहिला

...नाही, नाही, आधी मला हे सांगा, ज्या खोलीत चाळीस पोरी सकाळी सातपासून मान खाली घालून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, त्या खोलीतली टेबलं बाहेर काढून तिथं सोफा टाकायला माणसाला काय लागतं? अक्कल नाही लागत, लाज तर नाहीच लागत... आमदारकी लागते! एका सोमवारी आम्ही गेलो तर कुलूप नवं, पाटी नवी, 'आमदार सूर्यभानभाऊ यांचे जनसंपर्क कार्यालय', आणि आमची पुस्तकं व्हरांड्यात, खताच्या गोणीत कोंबलेली! आणि तीन वर्षांपूर्वी हीच अभ्यासिका दुमजली करून देतो म्हणून याच भाऊंनी याच दारात नारळ फोडला होता. नारळसुद्धा आम्हीच आणला होता हो!

गावाचं नाव विचारू नका. तिवसा ओलांडलं की अर्ध्या तासावर, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथं आणखी एक स्वागत कमान बांधतील.

तर मी घरी आले आणि ओरडले. कुणावर? मोठ्या बाबांवर. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, धर्मपाल, आणि वीस वर्षांपासून भाऊंचे कार्यकर्ते. मी ओरडतेय, आणि ते शांतपणे बशीत चहा ओततायत. फुर्रर्र करून प्याले आणि म्हणाले, "अवं प्रियदर्शनी, खोली गेली तं गेली. पोरीच्या शिक्षणाले भाऊनं कधी नाई म्हटलं काय? भाऊची भूमिका ठाम हाय!"

ठाम! अहो चार निवडणुका, चार पक्ष, गळ्यात चार रंगांचे दुपट्टे... आणि आमच्या मोठ्या बाबांच्या खुंटीवर ते चारही धुऊन, इस्त्री करून टांगलेले. एक फेकून द्या म्हटलं तर म्हणतात, "राहू दे, कोनता कधी लागंन सांगता येते काय?"

आणि अशात भाऊंची साठी आली. साठी म्हणजे कार्यअहवाल आलाच. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, 'भाऊंची वाटचाल व भूमिका', तीन हजार प्रती. आता लिहिणार कोण? भर बैठकीत मोठे बाबा उभे राहिले, "आमची पोरगी एम.ए. हाय, राज्यशास्त्रात. थे लिहीन!" मला विचारलं? छे! आमच्या घरात थोरल्यांना शब्द द्यायची घाई आणि धाकट्यांना तो पाळायची शिक्षा! ज्यांनी माझी खोली घेतली, त्यांचा गौरव मी लिहू? मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मोठ्या बाबांनी खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली.

तुम्हाला सांगते, मी गार पडले! वीस वर्षांची कात्रणं! भाऊ जे जे बोलले, जिथं जिथं बोलले, सगळं तारीखवार, खळ लावून वहीत चिकटवलेलं. मी वाचत गेले. अमरावतीत भाऊ म्हणतात, 'वेगळा विदर्भ द्या, नाहीतर राजीनामा घ्या!' दीड महिन्यानं मुंबईत म्हणतात, 'महाराष्ट्राचा तुकडा पाडायचा तर माझ्या प्रेतावरून जा!' अकोल्यात शेतकऱ्यांपुढं, 'परदेशी कापसाची एक गाठ उतरू देणार नाही!' पुढच्याच आठवड्यात नांदगाव पेठेत कारखानदारांपुढं, 'आयात खुली करा, कारखाने जगवा!' बचत गटाच्या बायांपुढं दारूबंदी... आणि चौथ्या दिवशी परमिट रूमच्या उद्घाटनाला कात्री कुणाच्या हातात? भाऊंच्याच!

म्हटलं, "मोठे बाबा, हे चिकटवताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना! फोटो दोनी डाव मस्त आला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सूड! साधा नाही, छापील सूड! मी एक शब्दही माझा लिहिणार नव्हते. डाव्या पानावर भाऊंची एक भूमिका, समोर उजव्या पानावर दुसरी. दोन्ही त्यांच्याच तोंडच्या, तारखेसकट. आणि शेवटच्या जोडीत आम्ही! डावीकडं नारळ फोडणारे भाऊ, 'मुलींना दुमजली अभ्यासिका देणारच'. उजवीकडं त्याच दारात फीत कापणारे भाऊ, 'जनसंपर्क कार्यालय जनतेच्या सेवेत'. दार तेच, उंबरठा तोच! पान लावताना मला इतका आनंद झाला की आईनं विचारलं, "कावून वं, एकटीच कायले हासून राहिली?"

आता तुम्ही म्हणाल, छापण्याआधी कुणी तपासलं नसेल? तपासलं ना! सहा थोर पुरुष बसले, दोन तास बसले! काय तपासलं? मुखपृष्ठावरचे फोटो! पक्षाध्यक्ष वर की मधोमध, जिल्हाध्यक्ष गोलात की चौकोनात, माजी सभापती हसरे की गंभीर... एकजण ओरडतोय, "जिल्हाध्यक्षाचं डोस्कं भाऊपेक्षा मोठं दिसून राहिलं!" मग भाऊंचे पीए देवमन, ते पट्टी घेऊन डोकी मोजतायत. खरंच, पट्टी घेऊन! मी शेवटी भीत भीत विचारलं, "आणि मजकूर?" देवमन पट्टी खिशात घालत म्हणाले, "मजकूर काय पाहाचा ताई? मजकूर तं मजकूर असते." मोठ्या बाबांनी मान डोलावली, "भाऊची भूमिका ठाम हाय, त्यात तपासाचं काय?"

छापा म्हटलं. छापाच!

सोहळ्याचा दिवस. अमरावतीचं सभागृह गच्च. मी तिसऱ्या रांगेत. पुस्तिका वाटल्या गेल्या, पानांची सळसळ सुरू झाली, आणि मी मनात मोजतेय... आता फुटेल, आता कोणी उठेल, आता खुर्ची उडेल! माझ्या पुढं पातूरकडचे एक काका, कापूसवाले. त्यांनी डावं पान वाचलं, मांडीवर थाप मारली, "वा! परदेशी कापूस येऊ देत नाई म्हंते. आपला मानूस!" त्यांच्या शेजारी नांदगाव पेठेचे एक कारखानदार. त्यांनी उजवं पान वाचलं, "वा! आयात खुली करा म्हणतात. आपला माणूस!" आणि दोघांनी एकमेकांकडं पाहून मान हलवली! अहो, पान एकाच घडीचं आहे, नजर दोन बोटं सरकवा ना! नाही! बचत गटाच्या सुभद्राबाईंनी दारूबंदीचं पान फाडून पदराच्या टोकाला बांधलं, आणि परमिट रूमवाल्यानं मागून विचारलं, "बाई, उरलेलं मी घेऊ काय? फ्रेम करतो."

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात एक पत्रकार उठला. ललित त्याचं नाव. जगात एक तरी वाचणारा माणूस आहे हो! "भाऊ, प्रत्येक विषयावर तुमच्या दोन-दोन भूमिका छापल्यात. खरी कोणती?"

देवमन पुस्तिका उघडून पहिल्यांदाच आतली पानं बघतायत, चेहरा पांढरा. भाऊ उठले. सावकाश चष्मा पुसला. माइक हातात घेतला.

"बाप्पा, जो आमदार एकच बाजू घेते, थो अर्ध्याच लोकायचा आमदार असते. मी समद्यायचा हाय!"

टाळ्या! शिट्ट्या! पातूरचे काका आणि कारखानदार दोघं उभे! मोठे बाबा डोळे पुसत ओरडले, "भाऊची भूमिका...!" आणि अख्खं सभागृह ओरडलं, "ठाम हाय!"

टाळ्या थांबल्यावर भाऊंनी शेवटची जोडी उघडली. आमची. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं, आणि हसले. तुम्हाला सांगते, त्या क्षणी कळलं, या माणसाला सगळं कळतं. "ज्या पोरीनं हे लिहिलं, तिले शब्द देतो. अभ्यासिका सोमवारपासून चालू!"

सोमवारी सकाळी सातला आम्ही चाळीसजणी दारात. पाटी नवी. 'सूर्यभानभाऊ अभ्यासिका व जनसंपर्क कार्यालय'. दोन्ही! डावीकडं आमची टेबलं, उजवीकडं सोफा. आम्ही घटना पाठ करतोय आणि सोफ्यावर कार्यकर्ते मोठ्यानं फोन करतायत, "हालो! हालो! आवाज येऊन राहिला काय?"

मी ठरवलं, बोलायचं नाही, वाचायचं. परीक्षा काढायची, अधिकारी व्हायचं, आणि मग एकेकाची फाइल मागवायची! पुस्तक उघडलं, तर एक आजी आल्या आणि रेशनकार्डाचा अर्ज थेट माझ्या पुस्तकावर ठेवला. म्हटलं, "आजी, मी इथं कामाला नाही." आजी म्हणाल्या, "मंग पेन घेऊन कायले बसली वं?" काय करता? भरून दिला. त्यांच्यामागं सहाजण. त्यांच्यामागं अख्खी ओळ. आता रोज दहा ते एक माझं टेबल चालू असतं, भाऊ महिन्यातून एकदा येतात. काल त्या आजी कार्ड झालं म्हणून पेढा घेऊन आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, "भाऊले सांगजो माय, मत तुमालेच देतो म्हनाव!"

आणि मी... मी पेढा खाल्ला, आणि म्हटलं, सांगते.