दोन आणि तीन तेवीस

कॉम्प्युटर कधी चुकत नाही, असं कोणी ठासून सांगितलं की मला आमचे साहेब आठवतात.

अंबडला आमच्या कारखान्यात रजेचा अर्ज कॉम्प्युटरवर आला. एका चौकटीत हक्काची रजा भरायची, दुसरीत किरकोळ, तिसरीत बेरीज आपोआप. फॉर्म मीच बनवला होता. चौकटीत आकडे येणार आहेत, हे फॉर्मला सांगायचं मात्र मीच विसरलो. त्यामुळे तो बेरीज करायचाच नाही, नुसते आकडे शेजारी शेजारी मांडायचा.

लेथवरच्या पगारेभाऊंनी दोन हक्काच्या आणि तीन किरकोळ रजा मागितल्या. बेरीज आली तेवीस. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

सहाव्या दिवशीही लेथ बंद. मी गावी फोन लावला.

"भाऊ, पाच दिवस संपले."

"मंजुरी तेवीसची हाय. खाली सायबांची सही हाय."

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, दोन आणि तीन पाचच होतात."

"सहीच्या आधी होत असतील," साहेब म्हणाले. "आता तेवीस झालेत. सही खोटी पडली तर उद्या कोण विचारणार मला?"

"मग फॉर्म तरी दुरुस्त करतो. पाच मिनिटांचं काम आहे."

साहेब उठले, केबिनचं दार लावून आले.

"करा की. पण सोमवारनंतर करा. माझा अर्ज सकाळीच मोठ्या साहेबांकडे गेलाय. एक हक्काची, एक किरकोळ."