फिटच्या गोळ्यांची रांग

सरकारी दवाखान्यात फिटच्या गोळ्यांच्या रांगेत उभारलेल्या धम्मपालला शेवंताबाईनं मागनं गाठलं.

“चपलाच्या दुकानातली नोकरी गेली म्हणं तुझी?”

“तिथंच फिट येऊन पडलो की, मावशी. चारी बाजूंनी नव्या चपला नाकाला लावल्या माझ्या.”

“मग, शुद्ध आली?”

“आली. उठून बसलो तर मालक म्हनला, उद्यापासनं येऊ नगंस.”

“आता कुठं हाईस?”

“भांड्याच्या दुकानात. तिथं कुनाला ठाव न्हाय. गोळी चुकली की कळंल.”

गोळ्यांच्या खिडकीतनं कंपाउंडर वरडला, “गोळ्या संपल्या! सोमवारी या!”

“आज काय सांगून रजा काढलीस रं?”

“मामा वारला म्हनून.”

“आन् सोमवारी?”

धम्मपालनं गोळ्यांचं रिकामं पाकीट परत खिशात घातलं.

“धाकला मामा हाय की अजून.”