दोन वर्षं जुन्या नव्याकोऱ्या खोल्या

(चिखली तालुक्यातली भोकरवाडीची शाळा. विधिमंडळ समितीच्या गाड्या आत्ताच खामगावच्या रस्त्याला लागल्यात. व्हरांड्यात आमदार अनुपमाताई, त्यांचा पीए प्रज्वल आणि मुख्याध्यापक उकंडराव गुरुजी.)

प्रज्वल : जिंकलो ताई! भोकरवाडीच्या शाळेले दोन खोल्या भेटल्या!

अनुपमाताई : कोणत्या खोल्या?

प्रज्वल : ह्या काय. तुम्ही जिच्या दारात उभ्या हायेत ती एक, आन तिच्या बाजूची एक.

अनुपमाताई : ह्या तं दोन वर्षांपासून हायेत.

प्रज्वल : ताई, समिती गेली. आता तरी...

अनुपमाताई : सभागृहात सांगतलं गेलं, की भोकरवाडीच्या खोल्या दोन वर्षांआधीच पूर्ण झाल्या. म्हणजे झाल्या. आज काही झालं नाही. गुरुजी, आज काही झालं काय?

उकंडराव गुरुजी : आज रोजी शाळेत कोणतीही उल्लेखनीय घटना घडल्याचे माझ्या निदर्शनास आलेले नाही.

प्रज्वल : गुरुजी, तुम्ही घरी बी असंच बोलता?

उकंडराव गुरुजी : घरी मी बोलत नाही. मंडळी बोलतात.

प्रज्वल : मंग त्या बॅनरचं काय करू मी? वीस फुटी हाय. 'अनुपमाताईंच्या अथक प्रयत्नांतून दोन वर्गखोल्या.' वर तुमचा फोटो, खाली माझा.

अनुपमाताई : तुझा काऊन बे?

प्रज्वल : बारका हाय, ताई. पासपोर्टवाला.

अनुपमाताई : उलटा करून सहावीच्या वर्गात अंथर. पोट्ट्यायले बसायले होते.

प्रज्वल : उद्घाटन नाही, नारळ नाही, रील नाही. महिना झाला, मले अजून समजून नाही राह्यलं. तुम्ही प्रश्न टाकला, की भोकरवाडीत खोल्या नाहीत म्हणून सातवी उंद्रीच्या शाळेत हलवून राह्यले, हे खरं हाय काय? खात्याचं छापील उत्तर आलं, 'हे खरे नाही. दोन वर्गखोल्या दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झाल्या असून वापरात आहेत. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाही.' आपल्याकडं फोटो होते! गुरुजी सातवीले मंदिराच्या ओट्यावर शिकवून राह्यले, कोणी देवाची घंटा वाजवली की पोट्टे शाळा सुटली म्हणून पळून राह्यले. तुम्ही सभागृहात उठल्या, मी म्हटलं, आता लागली आग. आन तुम्ही काय केलं? अभिनंदन केलं!

अनुपमाताई : खात्यानं चांगलं काम केलं, तं नको करू? मी म्हटलं, अध्यक्ष महोदय, इतक्या चांगल्या खोल्या आमच्या समितीनं पाह्यल्याच पाहिजे. पुढच्या महिन्यात आमचा दौरा त्या भागात हायच. तेवढं भोकरवाडी त्यात टाका.

प्रज्वल : तिकडं अधिकाऱ्यायच्या सज्जात, ते उत्तर लिहून देणाऱ्या अभियंता साहेबानं डोळे मिटून घेतले. मले वाटलं, प्रार्थनेचा टाइम झाला.

उकंडराव गुरुजी : तिसऱ्याच दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी विटांचे दोन ट्रक प्रांगणात आले. मी कंत्राटदाराकडे बांधकाम आदेशाची प्रत मागितली. तो म्हणाला, 'बांधकाम कायचं गुरुजी? खोल्या तं झाल्या. ही किरकोळ दुरुस्ती हाय.'

प्रज्वल : पाया खोदून किरकोळ दुरुस्ती!

उकंडराव गुरुजी : दिवसा एक टोळी, संध्याकाळी दुसरी. स्लॅबवर पाणी मारत असताना गावातील रुखमाबाईंनी विचारले, की दोन वर्षं झाली तरी पाणी काऊन मारून राह्यले? त्यावर अभियंता साहेब म्हणाले, 'आमचं खातं पाणी मारण्यात हयगय करत नाही, आजी.'

अनुपमाताई : चांगलं उत्तर हाय. सभागृहात चाललं असतं.

उकंडराव गुरुजी : नंतर साहेबांना वाटले, खोल्या फारच नव्या दिसतात. त्यांनी पहिलीच्या मुलांच्या हाती कोळसे दिले आणि भिंती खराब करण्यास सांगितले. मुलांनी नकार दिला. स्वच्छतेच्या सवयी मी त्यांच्यात बाणवल्या आहेत, त्याचा असा फटका बसेल असे वाटले नव्हते.

प्रज्वल : मंग भिंतीवर लिवलं कोणं?

उकंडराव गुरुजी : स्वतः साहेबांनी. 'गोविंदा गाढव आहे', असे मोठ्या अक्षरांत. गोविंदा नावाचा विद्यार्थी आमच्या पटावर नाही.

अनुपमाताई : त्यायच्या वरच्या साहेबाचं नाव गोविंदराव हाय.

प्रज्वल : म्हणून अक्षर इतकं मनापासून आलं! पण ताई, खरं सांगतो, आज मेलोच होतो मी. समितीचे अध्यक्ष भिंतीले टेकले आन कोटाची सारी बाही पांढरी. साहेब म्हणते, 'दरवर्षी रंग देतो, सर.' चला, निभलं. तं अध्यक्ष वळले सातवीच्या महामायाकडं. 'बाळ, या खोलीत तू कधीपासून बसतेस?' आन ती पोट्टी म्हणते, 'सोमवारपासून!'

अनुपमाताई : मी बी खाली पाह्यलं तवा.

प्रज्वल : साहेबाच्या तोंडावर भिंतीपेक्षा जास्त चुना. मी मनात म्हटलं, गेली सातवी उंद्रीले. आन ती काय म्हणते शांतपणे? 'सोमवारपासून शनिवारपर्यंत. रविवारी सुट्टी असते.' अध्यक्ष हासले, समिती हासली, साहेब तं रडतच हासला!

अनुपमाताई : गुरुजी, तुम्ही पढवलं होतं तिले?

उकंडराव गुरुजी : नाही. मी तिला फक्त खरे बोलण्यास शिकवले आहे. ती खरेच बोलली.

प्रज्वल : पण ताई, एक विचारू? खात्यानं सभागृहात खोटं सांगतलं. हक्कभंग आणला असता तं साहेब घरी बसला असता. पेपरात पहिलं पान होतं तुमचं.

अनुपमाताई : हक्कभंगाची चौकशी किती चालते?

प्रज्वल : दोन वर्षं. तीन बी.

अनुपमाताई : गुरुजी, सातवीत पोरी किती?

उकंडराव गुरुजी : बारा.

अनुपमाताई : उंद्री सहा किलोमीटर. शाळेच्या टाइमाले एसटी नाही. सातवी तिकडं गेली असती, तं बारापैकी किती गेल्या असत्या?

उकंडराव गुरुजी : दोन. त्या दोघींच्या वडिलांकडे मोटारसायकल आहे.

अनुपमाताई : आता बोल, प्रज्वल. साहेब घरी बसवू, का दहा पोरी?

प्रज्वल : ...बॅनर अंथरतो, ताई. फोटो खालतून.

अनुपमाताई : गुरुजी, शेरेबहीत काय लिवलं अध्यक्षायनं? मोठ्यानं वाचा.

उकंडराव गुरुजी : 'शाळेस भेट दिली. दोन्ही वर्गखोल्या सुस्थितीत व वापरात आहेत. सातवीचा वर्ग अन्यत्र हलविण्याचे कोणतेही कारण दिसत नाही. वर्ग येथेच चालू ठेवावा.' खाली सही. त्याखाली इतर नऊ आमदारांच्या सह्या. त्यापैकी एक आपली.

अनुपमाताई : पुन्हा वाचा.

उकंडराव गुरुजी : 'वर्ग येथेच चालू ठेवावा.'

प्रज्वल : आता कोणाच्या बापाले हलवता येत नाही! गुरुजी, लगेच खात्याले आभाराचं पत्र पाठवा.

उकंडराव गुरुजी : अडचण आहे. खोल्या दोन वर्षांपूर्वीच्या असल्याने आभार मानण्यास दोन वर्षे विलंब का झाला, असा खुलासा मागतील.

अनुपमाताई : हाव, मागतील.

उकंडराव गुरुजी : या खोल्यांसाठी मी आजवर अठ्ठावीस अर्ज केले, ताई. प्रत्येकावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा आहे. सर्व अर्ज खरे होते. एकानेही वीट हलली नाही. त्यामुळे माझी पद्धतच चुकली, असा निष्कर्ष मी काढला आणि मधल्या सुट्टीत एकोणतिसावा अर्ज लिहिला. आपली हरकत नसेल तर वाचतो.

अनुपमाताई : वाचा, गुरुजी.

उकंडराव गुरुजी : 'प्रति, माननीय सचिव महोदय. विषय : विज्ञान प्रयोगशाळेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर शाळेस प्रयोगशाळा नाही आणि ती मागण्याचा माझा उद्देशही नाही. तथापि, ती पूर्ण असून वापरात आहे, असे उत्तर येत्या अधिवेशनात सभागृहास देण्यात यावे, आणि ते देताना ग्रंथालय व मुलींचे स्वच्छतागृह यांचाही विसर पडू नये, ही नम्र विनंती.'