खरखरीची पुण्याई

हसा लेको, पण मी अमेरिकेला गेलो तो खरखरीमुळे! एकलहऱ्याच्या कॉलनीत डोक्यावर विजेच्या मोठ्या तारा, म्हणून शेजारच्या गायकवाडकाकांचा रेडिओ सदा खरखरायचा. तरी पॉवर स्टेशनच्या ड्यूटीवरून आल्यावर काका रोज मला त्यावरच्या इंग्रजी बातम्या उतरवायला बसवायचे.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा मुंबईत होती. टेप ऐकून उत्तरं द्यायची, आणि टेपच खरखरायला लागली. सगळे ओरडले. मी आपला पेपरात उत्तरांवर खुणा करतोय.

"तुला ऐकू येतंय?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, आमच्याकडे इंग्रजी असंच येतं."

मार्क चांगले पडले. पेढे घेऊन गेलो, तर काका रेडिओ खोलून बसलेले. "आता दुरुस्तच करतो."

मी पाया पडलो. "काका, हात लावू नका. पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण परीक्षेला बसतेय."