टीव्हीची भिंत

मी, संदीप वसंत खानविलकर, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (आनंदनगर एमआयडीसी, औषध कारखाना), राहणार सातवा मजला, सी विंग, मांजर्ली, बदलापूर पश्चिम. पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी रंजनासह राहतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये श्रीमती सुनंदा दिघे, वय ७८, व त्यांचा मुलगा गंधार राहतात. गंधार दिवसभर नोकरीवर असतो. काकू काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. शनिवारी दुपारी त्यांच्या घरी जबरी चोरी झाली. त्या वेळी मी घरी होतो. भिंतीवर ठोकल्याचा आवाज ऐकूनही मी का गेलो नाही, असे मला विचारण्यात आले.

त्यासाठी आमच्या हॉलबद्दल सांगणे भाग आहे. एका बाजूला बाल्कनीची काच, दुसरीकडे ओटा उघडाच, तिसरीकडे पॅसेज. सलग भिंत एकच, आणि टीव्हीचे पॉइंट, केबल सगळे बिल्डरने त्याच भिंतीत गाडून ठेवले आहे. स्पीकरही तिथेच लावावे लागले. नकाशा काढणाऱ्याने स्वतः घरात कधी टीव्ही लावला नसावा. भिंतीपलीकडे काकूंची खोली आहे. खिडकी, कपाट आणि बाथरूमचे दार सोडले तर त्यांच्या पलंगालाही तीच भिंत उरते. वूफर वाजला की त्यांचा पलंग हादरतो.

यावरून गंधारशी माझी बाचाबाची झाली होती. ती काकूंनीच मिटवली. म्हणाल्या, "तू बघ रे खुशाल. त्रास झाला की मी काठीने ठोकीन. चष्मा शोधून फोन लावेपर्यंत तुमची मॅच संपायची." तेव्हापासून काठी वाजली की मी आवाज कमी करतो. एकदाही चुकलो नाही.

शनिवारी मी मॅच पाहत होतो. चारच्या सुमारास काठी वाजली. मी आवाज कमी केला. पुन्हा वाजली, आणखी कमी केला. मग ठोकणे थांबेचना. मला राग आला. मी टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "काकू, बंद केला हो!" त्यानंतर ठोकणे थांबले.

रंजना म्हणाली, "जाऊन बघ ना एकदा." मी म्हणालो, "बंद केला ना? आता काय पाया पडू?" थोड्या वेळाने शेजारचे दार लागल्याचा आणि लिफ्टचा आवाज आला. टीव्ही बंद असल्याने तो स्पष्ट ऐकू आला. गंधार लवकर आला असेल असे मला वाटले. मी दार उघडले नाही. त्यामुळे चोरी करणाऱ्या इसमाला मी पाहिलेले नाही व ओळखू शकणार नाही.

संध्याकाळी गंधारच्या ओरडण्याने आम्ही धावलो. काकू पलंगाजवळ जमिनीवर पडल्या होत्या. हातातल्या पाटल्या नव्हत्या, मनगट सुजले होते. काठी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडली होती. पाण्याचा फिल्टर बघायचा म्हणून तो माणूस आत आला, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना उचलून खाली आणले.

काल मी व रंजना दवाखान्यात गेलो. काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "टीव्ही बंद झाला ना, तेव्हा मला केवढा धीर आला. म्हटलं, संदीप निघाला."



माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. काकूंचे बोलणे पुन्हा वाचू नका, अशी मी विनंती केली. सगळे वाचावेच लागते, असे हवालदार साहेब म्हणाले. त्यांनी ते वाचले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.