व्याज नको म्हणालेला माणूस

बेल्मिरो : ते विमानाच्या तिकिटांचं राहू दे बाजूला, दुल्से. खुर्ची ओढ अन् ऐक. एका गाढवाची गोष्ट सांगतो तुला. अख्ख्या फॉल रिव्हर शहरात अशी गोष्ट कुणी ऐकली नसेल.

दुल्से : बेल्मिरोकाका, बाहेर टॅक्स भरायला माणसं खोळंबलीत.

बेल्मिरो : खोळंबू देत. सरकार कुठं पळून चाललंय? तर गाढव म्हणजे हा. हा माझ्या शेजारी बसलाय तोच. बहिणीचा नवरा आहे म्हणून गाढव म्हणतो, परका असता तर याहून वाईट म्हणालो असतो.

सेराफिम : मुद्द्याचं बोल.

बेल्मिरो : मग तूच बोल ना! घरातनं निघाल्यापासून तोंडात मिठाची गुळणी. बघ दुल्से, बघ. विचारलं की भिंतीकडं बघतो.

दुल्से : सेराफिमकाका, झालंय काय? तुमचा टॅक्स तर मी फेब्रुवारीतच भरला. गिरणीचं पेन्शन, सोशल सिक्युरिटी. बाकी काही नव्हतं म्हणालात.

सेराफिम : नव्हतंच. माझं काही नव्हतं.

बेल्मिरो : थांब, मी सांगतो. तो सांगायला बसला तर नाताळ उजाडेल. तिकडं आमच्या बेटावर, साव जॉर्जला भूकंप झाला तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता, पोरी. घरं बसली, गुरं गोठ्यात मेली. आम्ही उठलो ते समुद्र ओलांडून थेट इथं. हा पडद्यांच्या गिरणीत लागला, मी मासळीचा ट्रक धरला. पहिल्याच हिवाळ्यात गावातली आम्ही सगळी एका तळघरात जमलो. वाईनचं पिंप होतं, लोकं रडत होती, गात होती. तिथंच मंडळ काढलं अन् ठरलं की काय वाट्टेल ते होवो, गावची पंगत बंद पडता कामा नये. तू इथली, तुला सणाला फुकटचा रस्सा मिळतो एवढंच माहीत. तिकडं गावात पवित्र आत्म्याच्या रविवारी त्याचा चांदीचा मुकुट मिरवतात अन् दारात येईल त्याला जेवायला घालतात. पाव, गोमांसाचा रस्सा, वाईन. भिकारी असो, वैरी असो, नाव विचारायचं नाही.

दुल्से : माहीत आहे काका. माझी आजी हेच सांगून सांगून गेली.

बेल्मिरो : मग दर आठवड्याला जो तो पगारातलं थोडं काढून द्यायचा. जमलेले पैसे ठेवायचे कुठं? गावच्या बँकेत. पण तिकडचं ते खातं परदेशी गेलेल्या माणसाच्या नावावरच निघायचं. मंडळाच्या नावावर नाही. म्हणलं, कुणाच्या नावावर काढायचं? दारू न पिणारा, पत्ते न खेळणारा एकच निघाला. हा.

दुल्से : म्हणजे खातं सेराफिमकाकांच्या नावावर? एकट्यांच्या?

सेराफिम : नाव माझं. पैसा मंडळाचा.

दुल्से : अजून चालू आहे ते?

बेल्मिरो : चालू? दरवर्षी त्यातनं गावात पंगतीच्या रश्श्याला बैल घेतात. इकडं निम्मं मंडळ मेलं, तिकडं पंगत चालूच. अन् आता जानेवारीत त्या बँकेनं याचा इथला नंबर मागितला. सोशल सिक्युरिटीचा.

दुल्से : दिलात?

सेराफिम : दिला. लपवायचं काय त्यात?

दुल्से : अरे देवा. काका, तिकडच्या बँका हल्ली इथल्या सरकारला कळवतात. व्याज मिळत होतं ना त्यावर?

सेराफिम : नाही.

बेल्मिरो : आता ऐक. इथं याचं गाढवपण येतं.

सेराफिम : पवित्र आत्म्याच्या पैशाला व्याज लावत नाहीत. जेवण फुकट, तर पैसाही फुकट. मी खातं काढायला गेलो तेव्हा मॅनेजरला तोंडावर सांगितलं, याला व्याज नको.

दुल्से : अन् तो काय म्हणाला?

सेराफिम : बरं म्हणाला.

बेल्मिरो : बरं म्हणाला! बँकेचा मॅनेजर व्याज नको म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? हसून घरी गेला असेल, बायकोला सांगितलं असेल. व्याज पडत राहिलं दरसाल. यानं कधी आकडा विचारला नाही. गावचा पाद्री याच्या मुखत्यारपत्रावर लागतील तेवढे काढायचा, पावती पाठवायचा, हा ती न उघडता डब्यात ठेवायचा. परवा बँकेचं पत्र आलं तेव्हा व्याजाचं कळलं, अन् लोकं म्हणाली दंड बसेल.

सेराफिम : पाद्र्याच्या हिशेबात नाक कशाला खुपसू?

दुल्से : बरं. शांतपणे ऐका दोघं. तुम्ही इथले नागरिक. इथल्या नागरिकाला जगात कुठंही व्याज मिळालं तरी इथं सांगावं लागतं.

बेल्मिरो : पण तिकडच्या सरकारनं त्या व्याजावर टॅक्स कापलाय की! मी चौकशी केली. एकाच गाईचं दूध दोघांनी काढायचं?

दुल्से : तिकडं कापलेलं इथं वजा मिळतं काका. टॅक्स फार राहणार नाही. खरी अडचण ती नाही. एवढ्या वर्षांत खातं आहे हेच कधी कळवलं नाही, त्याचा दंड आहे. चुकून झालं, मुद्दाम नाही, असं खरं खरं लिहून दिलं तर दंड बराच कमी होतो. पण तोही खात्यात किती आहेत त्यावर.

बेल्मिरो : म्हणजे किती? डोळ्याला डोळा भिडवून सांग.

दुल्से : जुलैची तुमची दोन तिकिटं मीच काढलीत ना, सेराफिमकाका? नतालियाकाकूंच्या अन् तुमच्या साव जॉर्जच्या वारीला जेवढे बाजूला ठेवलेत, ते सगळे जातील. थोडं वरून लागेल.

बेल्मिरो : अकरा वर्षं झाली तिला तिकडच्या भावंडांना बघून. थोरली बहीण आंधळी झालीय तिकडं. अगं, कालपासून बॅग भरतेय ती. एप्रिलमध्ये!

सेराफिम : बॅग रिकामी करता येते.

बेल्मिरो : गप रे! मी याला म्हणालो, सरळ जा अन् सांग, पैसा मंडळाचा आहे. दंड मंडळ भरेल. तो जिल्बेर्तो अध्यक्ष म्हणून पट्टा लावून पुढं पुढं करतो ना मिरवणुकीत, भर म्हणावं आता.

दुल्से : जिल्बेर्तोना विचारलंत?

बेल्मिरो : विचारलं. म्हणतो, आमच्याकडे कागद नाही, तुझं नाव, तुझं खातं. अन् वर म्हणतो, पंगतीचे पैसे मात्र जूनच्या आत सोडवून घे! मी त्याच्या थोबाडीत मारणार होतो. यानं हात धरला.

सेराफिम : त्याचंही चूक नाही. तेव्हा तो शाळेत होता.

दुल्से : कागद नसेल तर मंडळाचं म्हणणं अवघड आहे. म्हटलंच, तर सरकार मंडळाला विचारणार. कुणी किती दिले, कधी दिले, इतकी वर्षं गप्प का. ज्यांनी दिले ते बहुतेक कबरीत आहेत. तो घोळ मिटेपर्यंत कुणी त्या पैशाला हात लावायला धजणार नाही.

सेराफिम : म्हणजे यंदा गावात पंगत नाही.

दुल्से : यंदा तर नाहीच. पुढचं मी सांगू शकत नाही.

बेल्मिरो : नसू दे एक वर्ष! देव उपाशी मरतो का? लोकं उपाशी मरतात का? तिकडं आता सगळ्यांच्या दारात गाड्या आहेत!

सेराफिम : भूकंपाच्या वर्षी पंगत झाली होती, बेल्मिरो. तंबूत. तू खाल्लंस ना?

बेल्मिरो : खाल्लं.

सेराफिम : मग.

बेल्मिरो : बघ, बघ दुल्से! दिवसभरात दोन वाक्यं बोलेल, पण अशी की माणसानं उठून जावं.

दुल्से : दुसरा रस्ता म्हणजे, कायद्याला नाव दिसतं. नाव तुमचं, तर खातं तुमचं, व्याज तुमचं, असं मांडायचं. दंड तुमच्या खिशातनं. पंगतीचा पैसा जिथल्या तिथं राहतो, जूनमध्ये पाद्री काढू शकतो. मंडळाचं नाव कुठं येत नाही. पण सेराफिमकाका, सही तुम्हाला करावी लागेल. शपथेवर.

सेराफिम : काय लिहायचं असतं त्यात?

दुल्से : हेच. की हे खातं माझं आहे.

(सेराफिम टोपी काढून मांडीवर ठेवतो.)

बेल्मिरो : अरे शब्द आहे तो नुसता. कागदावरचा. मनात एक म्हणायचं, कागदावर दुसरं, सगळं जग करतं. तुझी दानत आम्हाला माहीत नाही का?

सेराफिम : मी कधी त्यातला एक पैसा घेतला नाही.

बेल्मिरो : कोण म्हणतंय घेतला?

सेराफिम : तळघरात सगळ्यांपुढं पवित्र आत्म्याच्या मुकुटावर हात ठेवून सांगितलं होतं, यातलं काही माझं नाही. त्यातले वीसेक जण तरी मीच खांदा देऊन पोचवले. आता कुठं जाऊन सांगू त्यांना, सरकारदरबारी लिहून दिलं म्हणून?

दुल्से : काका, आजच सही करायला नको. वकिलाला एकदा दाखवू या.

बेल्मिरो : वकील उरलंसुरलं खाईल.

सेराफिम : वकील नको. नतालियाशी रात्रीच बोललो. ती म्हणाली, गावचा रस्सा शिजू दे, माझी बहीण वासावरनं ओळखेल कुणी पाठवलाय ते.

बेल्मिरो : हे मला नाही सांगितलं तिनं.

सेराफिम : तू ओरडला असतास.

बेल्मिरो : ओरडणारच! माझी बहीण आहे ती! ... नाक पुसायला काहीतरी दे गं पोरी. थंडी आहे तुझ्या इथं.

दुल्से : घ्या. सेराफिमकाका, मग ती तिकिटं...

सेराफिम : रद्द कर. जे परत मिळेल ते दंडात धर. कागद तयार कर तू. मी सही करतो, पण आज नाही. तुझी आई येते ना संध्याकाळी आमच्याकडं जपमाळेला?

दुल्से : रोजच येते. या आठवड्यात मुकुट तुमच्याकडे बसलाय म्हणून किती खूश आहे. म्हणते, नतालियानं काय सुंदर फुलं लावलीत.

सेराफिम : पंगतीआधी मुकुट दर आठवड्याला एकेका घरी बसतो, या आठवड्याची चिठ्ठी आमची निघाली यंदा. रविवारपर्यंत मुकुट आमच्या घरात आहे.

बेल्मिरो : मग सोमवारी कर सही. झालं.

सेराफिम : नाही. सोमवारपर्यंत मनात तेच राहणार. मनात ते खोटं ठेवून मुकुटापुढं रोज गुडघे टेकायचे, हे मला जमायचं नाही. दुल्से, एक काम करशील? आज आईबरोबर तूही ये. जपमाळ झाली, लोकं पांगली, की मुकुट तुमच्या घरी घेऊन जा, मग उद्या मी सही करतो. फुलं नतालिया बांधून देईल. कुणी विचारलं तर सांग, सेराफिमच्या घरी यंदा जागा पुरली नाही.